गावच्या पोरांचा लिलाव बंद करा

भात कापून झालं, शेतं मोकळी झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बॅनर यायला लागले. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक साहेबांच्या वाढदिवसानिमित्त, सरपंच चषक, आमदार चषक, मंडळाचा रौप्यमहोत्सवी चषक. आता पहिला पाऊस पिचचा चिखल करेपर्यंत दापोली, गुहागर, खेड, मंडणगड या तालुक्यांत एकही शनिवार-रविवार असा जाणार नाही, की कुठेतरी टेनिस बॉलची स्पर्धा नाही. मी या हंगामाचा चाहता आहे. आयपीएल मी जेवताना बघतो. हे मी जेवण बाजूला ठेवून बघतो. दाभोळला असलो तर मैदानाच्या कडेला, पुण्यात असलो तर फोनवर यूट्यूब लाइव्ह, लॅपटॉपवर ऑफिसचं काम आणि कानात समालोचकाचा आवाज.

चाहत्याला दोन हक्क असतात: मत मांडायचा आणि भाकीत करायचा. दोन्ही बजावणार आहे. मत आधी.

गावातल्या गावात खेळाडूंचा लिलाव करणाऱ्या ज्या 'प्रीमियर लीग' गेल्या काही वर्षांत गावोगाव उगवल्या आहेत, त्यांच्यातला लिलाव बंद व्हायला हवा. त्यात सुधारणा नको, नियमावली नको. बंद.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. गावातली पोरं ठरलेली फी भरून नाव नोंदवतात, फोटो देतात, 'बॅट्समन', 'बॉलर', 'ऑलराउंडर' यांतलं काहीतरी लिहितात. गावातले किंवा गावाशी संबंध असलेले सहा-आठ जण संघमालक होतात. प्रत्येकाला सारखे पॉइंट मिळतात, प्रत्येकाचा एक 'आयकॉन' आधीच ठरलेला असतो. मग एखाद्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात स्क्रीन लावतात, मालक गोल टेबलांना बसतात, फोटो झळकतो आणि बोली सुरू होते. पाचशे, हजार, दोन हजार, सोल्ड. ज्याच्यासाठी कुणीच हात वर केला नाही, तो अनसोल्ड. हे सगळं लाइव्ह जातं. घरी आई बघते, मुंबईत चुलता बघतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "अरे, पॉइंटच आहेत, खरे पैसे थोडेच आहेत?" मला हे उत्तर कधीच कळलं नाही. खरे पैसे असते तर निदान ते पोराच्या खिशात गेले असते. इथे त्याला मिळतो फक्त आकडा, आणि तो आकडा वर्षभर गावात त्याच्या नावाला चिकटतो. आणि ज्याला आकडाच मिळत नाही त्याचं काय?

आमच्या शेजारी एक मुलगा आहे. सतरा वर्षांचा, वडिलांबरोबर होडीवर जातो, डाव्या हाताने बऱ्यापैकी यॉर्कर टाकतो. एका लीगमध्ये त्याचा फोटो स्क्रीनवर आला, समालोचकाने नाव दोनदा पुकारलं, दुसऱ्या फेरीत परत पुकारलं. हात वर झाला नाही. त्या टेबलांवर बसलेल्यांपैकी एकाच्या दुकानातून तो रोज दूध आणतो. एकाच्या मुलाबरोबर तो शाळेत एका बाकावर होता. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच दुकानात जायचं होतं. आयपीएलच्या लिलावात अनसोल्ड राहिलेला खेळाडू दूर कुठेतरी टीव्ही बंद करून झोपतो. त्याला ज्यांनी घेतलं नाही, ती माणसं त्याच्या वाडीत राहत नाहीत. गावात मात्र किंमत लावणारे आणि ज्याची किंमत लागते तो, यांना आयुष्यभर एकाच एसटीच्या थांब्यावर उभं राहायचं असतं. तो मुलगा पुढच्या वर्षी नाव द्यायला आला नाही. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलं. मनाला लावून घेण्यासारखीच गोष्ट होती ती.

आता थोडं गणित, कारण माझं पोट त्यावरच चालतं. चार ओव्हरची मॅच म्हणजे चोवीस चेंडू. एका गोलंदाजाला एकच ओव्हर असा नियम असेल तर चार जण गोलंदाजी करतात. फटकेबाज सलामीची जोडी टिकली तर चोवीसच्या चोवीस चेंडू दोघं खेळतात. बहुतेक वेळा चार-पाच जणांना बॅट हातात मिळते. म्हणजे अकरांतले चार-पाच जण चेंडू अंगावर येण्याची वाट बघत उभे राहतात. मालकाला हे गणित पक्कं ठाऊक असतं. तो पॉइंट तीन-चार जणांवर ओततो आणि उरलेले नगाला नग म्हणून मूळ किमतीत उचलतो. खेळाचा आकार लहान आणि त्यावर बाजार लादला, की याहून वेगळं काही होणारच नाही. यात मालक दुष्ट असायची गरज नाही. रचनाच तशी आहे.

गंमत अशी, की ज्याची नक्कल चालली आहे त्याने स्वतः असं केलं नव्हतं. आयपीएलचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये झाला, महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरला घेतलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. 'आयकॉन' हा शब्द कुठून आला हे मात्र विसरलं गेलं. सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, राहुल द्रविड, वीरेंद्र सेहवाग आणि युवराज सिंग हे पाच जण लिलावात आलेच नाहीत. त्यांना आपापल्या शहरा-प्रांताच्या संघात ठेवलं गेलं आणि त्यांचं मानधन त्या संघाच्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त ठरवलं गेलं. का? कारण धंदा करणाऱ्यांनाही कळत होतं, की मुंबईच्या माणसाला सचिन दुसऱ्याच्या जर्सीत दिसला तर तो संघ आपला वाटणार नाही. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने तर आयकॉन व्हायलाच नकार दिला, म्हणजे संघाला लिलावात खर्चायला जास्त पैसे उरतील. कोट्यवधी डॉलरच्या बाजारात 'आपला माणूस' ही गोष्ट बाजाराबाहेर ठेवण्यासाठी नियम केला गेला. आपण तो शब्द उचलला आणि त्यातला अर्थ फेकून दिला. आमच्याकडे आयकॉन म्हणजे ज्याच्यासाठी मालकांची आधीच भांडणं होऊन मिटलेली असतात तो.

लिलावाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. तिन्ही दमदार आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला: यातून पोरांना पुढची वाट मिळते. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस बॉल, दहा ओव्हर, संघमालक अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, हृतिक रोशन असे. पहिल्या वर्षी कोलकात्याने अंतिम सामन्यात 'माझी मुंबई'ला हरवलं, दुसऱ्या वर्षी 'माझी मुंबई'ने करंडक जिंकला. टेनिस बॉलवाल्या पोरांना स्टेडियम, दिवे आणि खरे पैसे मिळाले. मला याचा आनंद आहे आणि त्या लिलावाला माझा काडीचाही विरोध नाही. तिथे खेळाडू व्यावसायिक आहे, त्याला मोबदला मिळतो, तो स्वतःहून बाजारात उभा आहे. पण आमच्या गावच्या लिलावातून तिथे कुणी जात नाही. तिथे जायला लागते ती निवड चाचणी आणि त्याआधी शेकडो चेंडू खेळायला मिळणं. गणित वर दिलंच आहे. चेंडू कुणाच्या वाट्याला येतात? ज्याला आधीच येतं त्याच्या.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे, आणि तो मांडणाऱ्यांशी मी भांडायला कचरतो. वाडीवार संघ म्हणजे कोकणात जातवार संघ. खारव्यांची वाडी, कुणब्यांची वाडी, मोहल्ला, बौद्धवाडी. वाडी विरुद्ध वाडी खेळलात तर कॅच सुटल्यावरची शिवी कुठल्या कुठे जाते हे सगळ्यांनी पाहिलंय. लिलावात निदान सरमिसळ होते. मोहल्ल्यातला ओपनर आणि कुणबीवाडीचा कीपर एका जर्सीत येतात. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण त्यासाठी लिलाव कशाला हवा? एका डब्यात चिठ्ठ्या टाका. पहिल्या डब्यात अनुभवी खेळाडू, दुसऱ्यात मधले, तिसऱ्यात अठराच्या आतले. प्रत्येक संघाने प्रत्येक डब्यातून सारख्या चिठ्ठ्या काढायच्या. लहान पोराला चिठ्ठ्या काढायला बसवा. दहा मिनिटांचं काम. सरमिसळ लिलावापेक्षा जास्त होते, कारण बोली लावताना मालक शेवटी आपल्याच माणसांवर हात वर करतो आणि चिठ्ठीला भावकी कळत नाही. कुणी महाग नाही, कुणी स्वस्त नाही, कुणी शिल्लक नाही.

तिसरा मुद्दा: लोकांना आवडतं, मालक येतात, त्यामुळे पैसा येतो. येतो, मान्य. जर्सी, ट्रॉफी, ड्रोन, समालोचक, मालिकावीराला बाइक. पण हा पैसा कशासाठी येतो ते बघा. मालकाला संघावर आपलं नाव हवं असतं. हौस फिटली, की तो जातो. मंडळाची वर्गणी असते ती दर वर्षी असते, कारण ती गावातल्या पन्नास घरांतून आलेली असते. एका माणसाच्या हौसेवर उभी राहिलेली स्पर्धा आणि पन्नास पावत्यांवर उभी राहिलेली स्पर्धा यांतली कुठली जास्त टिकेल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या धंद्यात याला एकच सर्व्हर असणं म्हणतात. तो पडला की सगळंच पडतं.

इथे थोडं लांब जाऊन येतो. मी ज्या अमेरिकी टीमबरोबर काम करतो, तिथे डिसेंबरात मीटिंगची पहिली दहा मिनिटं कॉलेज फुटबॉलवर जातात. त्यांचं फुटबॉल, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचं. हंगाम संपला, की तिथे 'बाउल' नावाचे चाळीसेक सामने होतात. पहिला 'रोज बाउल' १९०२ मध्ये झाला. बाकीचे गावोगावचे, प्रायोजकांच्या नावाचे. एक तर पॉप-टार्ट्स नावाच्या खाऊच्या कंपनीचा आहे. त्यात जिंकलेला संघ मैदानावर भल्यामोठ्या टोस्टरमधून निघालेला खाऊ खातो. आपल्या अमुक साहेब चषकाचा हा सख्खा भाऊ. अनेक वर्षं हे छोटे चषकच त्या खेळाचा प्राण होते. मधल्या फळीतल्या कॉलेजलाही वर्षाच्या शेवटी जिंकण्यासारखं काहीतरी असायचं.

मग वरच्या एका करंडकाने बाकीचं सगळं गिळायला सुरुवात केली. २०१६ च्या हंगामाअखेरीस दोन नामवंत खेळाडू बाउल न खेळताच घरी बसले, कारण पुढे व्यावसायिक निवड होती आणि दुखापत परवडणारी नव्हती. ते चुकले असं मी म्हणणार नाही. पण पायंडा पडला. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट हा संघ १३ पैकी १३ सामने जिंकूनही मुख्य स्पर्धेतून वगळला गेला. त्यांचे बरेच प्रमुख खेळाडू मग ऑरेंज बाउलला उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने त्यांना ६३-३ ने धुतलं. मुख्य स्पर्धा २०२४ पासून चार संघांची बारा संघांची झाली, तरी तोडगा निघाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये, बारांत नाव आलं नाही म्हणून नोत्र दाम या मोठ्या कॉलेजने बाउल खेळायलाच नकार दिला. ज्या गोष्टीसाठी खेळाडू रडायचे, ती आता 'नको' म्हणण्याइतकी स्वस्त झाली.

हे सांगायचं कारण एवढंच: छोटा चषक पैशाअभावी मरत नाही. तिथे पैसा आधीपेक्षा जास्त आहे. तो मरतो, जेव्हा त्यात खेळणाऱ्याला तो आपला वाटेनासा होतो.

आणि आपल्याकडे तेच दुसऱ्या वाटेनेही होतंय. गावच्या लीगमध्ये लिलाव, आणि तालुक्याच्या मोठ्या स्पर्धेत भाड्याचे खेळाडू. नाव गावाचं, खेळणारे रायगड-ठाण्याचे. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन समोरच्या गुहागर तालुक्यात जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा होता. आता बाइक बोटीत चढवली, की पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. सकाळी दापोली तालुक्यातल्या एका गावाचा म्हणून खेळलेला फलंदाज दुपारी खाडीपलीकडच्या गावाचा म्हणून खेळताना मी पाहिलाय. समालोचक दोन्हीकडे त्याला 'भूमिपुत्र' म्हणाला.

दाभोळकरांना यात नवीन काही नाही म्हणा. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पामुळे गावाचं नाव जगभर गाजलं, आणि प्रकल्प होता खाडीपलीकडे, अंजनवेलला. नाव आमचं, वस्तू भलतीकडे. पण त्या वेळी नाव आम्हाला विचारून घेतलं नव्हतं. संघाचं नाव आपण आपल्या हाताने भाड्याने देतोय.

बाहेरचा खेळाडू नकोच, असं मी म्हणत नाही. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांच्यात मुंबईचा वसीम जाफर होता. पण अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली ती विदर्भाच्याच रजनीश गुरबाणीने. पाहुणा घरच्यांना चांगलं खेळायला शिकवून गेला. रणजीत पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा आहे, म्हणून हे जमलं. चार ओव्हरच्या मॅचमध्ये दोन पाहुणे आले तरी निम्मी मॅच त्यांची होते. म्हणून तिथे मर्यादा एकाचीच हवी, आणि तो गावच्या पोरांबरोबर आदल्या आठवड्यात दोन दिवस सरावाला आला तरच.

मग करायचं काय? माझी मागणी मोठी नाही. गावच्या स्पर्धेत चिठ्ठ्यांनी संघ पाडा. प्रत्येक संघात अठराच्या आतले दोन जण आणि त्यातल्या एकाने एक ओव्हर टाकायचीच, असा नियम करा. चार ओव्हरच्या मॅच सहाच्या करा, संघ कमी घ्या. ज्याला पैसे द्यायचेत त्याने द्यावेत, त्याचं नाव ट्रॉफीवर लिहा, जर्सीच्या पाठीवर लिहा, पण पोरांवर लिहू नका. यातलं काहीही करायला एक रुपया जास्त लागत नाही. पुढच्या बैठकीत कुणीतरी उठून बोलायला मात्र लागतं, आणि ते काम मंडळातल्या तरुणांचं आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमचंच.

आता भाकितं. मे महिन्यात माझ्यासमोर धरा.

एक. या हंगामात चार ओव्हरला ५० धावा म्हणजे सुरक्षित धावसंख्या राहणार नाही. टेनिस बॉलसाठी बनवलेल्या बॅटी गावोगाव पोचल्यात आणि शेतातल्या बाउंड्री तेवढ्याच आहेत. जो संघ एक जास्तीचा फटकेबाज सोडून एक खरा यॉर्करवाला घेईल, तो उपांत्य फेरीत दिसेल.

दोन. बक्षिसं वाढणार. जिल्हा परिषदेच्या निवडणुका २०१७ नंतर २०२५ संपेपर्यंत झालेल्या नव्हत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिली होती. इच्छुकांची संख्या मोजायची असेल तर चषकांची मोजा. मतदान झालं, की निम्मे चषक पुढच्या वर्षी दिसणार नाहीत.

तीन. फेब्रुवारीत एकाच रविवारी शेजारच्या दोन गावांत दोन मोठ्या स्पर्धा लागतील, दोन्हीकडे तेच भाड्याचे खेळाडू ठरलेले असतील, आणि एका ठिकाणी दुपारी तीनला संघ अपुरा पडून वाद होईल.

चार. एखाद्या लिलाववाल्या लीगचा मालक ऐनवेळी मागे सरेल आणि त्याचा संघ 'मंडळाचा संघ' म्हणून खेळेल. तो संघ अपेक्षेपेक्षा पुढे जाईल. कारण त्यात कुणालाच आपली किंमत आठवत नसेल.

पाच. हंगामातली सर्वांत चांगली मॅच मे महिन्यात होईल. बॅनर साधा असेल, बक्षीस किरकोळ. चाकरमानी आलेले असतील, पन्नाशीचे काका कीपिंगला उभे राहतील, काजूच्या झाडाला लागलं तर दोन धावा यावर वाद होईल, आणि शेवटच्या ओव्हरला चेंडू अशा कुणाच्या तरी हातात जाईल ज्याला जानेवारीत कुणी घेतलं नव्हतं. धावा हव्यात सात, चेंडू सहा, डावखुरा गोलंदाज. माझी पैज त्याच्यावर.